हिरव्या चौकटीतला साप

मी साप काढते. पक्षी, खेकडे, रानफुलं हेही काढते, पण लोणावळ्याच्या आसपासच्या वाड्यांवर मला ओळखतात ते सापवाली ताई म्हणून. वलवणला धरणाच्या बाजूला आमचं घर आहे. त्यातली उत्तरेच्या खिडकीची खोली माझी. त्या खोलीत बसून गेली वीसेक वर्षं मी जे आहे ते, जसं आहे तसं कागदावर उतरवत आले. हिचा हात खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. गर्वाचं घर खाली, अशी म्हण आहे. माझ्या गर्वापायी जे घर खाली बसणार होतं, ते मात्र माझं नव्हतं.

सापवाली हे नाव पडलं एका तक्त्यामुळे. गावातल्या एका डॉक्टरांनी सापांचा तक्ता करायचं मनावर घेतलं आणि चित्रं मला सांगितली. वाड्यांवरच्या कितीतरी बायकांना वाचता येत नाही, म्हणून आम्ही अक्षरांवर भिस्त ठेवलीच नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांना लाल चौकट. धामण, कवड्या, दिवड अशा बिनविषारी सापांना हिरवी चौकट. खाली कोपऱ्यात एका बाईचा चेहरा, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. साप चावल्यावर डोळे असे जड झाले तर क्षणभरही थांबायचं नाही, हे सांगायला. प्लॅस्टिकच्या कागदावर छापलेला तो तक्ता घरोघरी भिंतीवर गेला. साप चावलेलं माणूस आलं की डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचे, "कुठल्या चौकटीतला?" आणि माणसं बिनचूक सांगायची, लाल चौकटीतला, वरून तिसरा.

भुशी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात बारा-पंधरा घरांची एक वाडी आहे. तिथली एक मावशी ही त्या तक्त्याची खरी परीक्षक. साठीच्या आसपासची, थोडंसं भात, थोडी नाचणी, बाकी दिवस मजुरी. तिचा मुलगा आंबीला कारखान्यात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरात ती आणि चोवीस-पंचवीस वर्षांची सून. मी काढलेली धामण पहिल्यांदा दाखवली तेव्हा मावशी म्हणाली होती, "ताई, हिचं डोळं बारीक काडलंस. धामनीचं डोळं लय मोटं. ती बगत आसती आपल्याला." मी नाक फुगवून घरी आले, पुस्तकं उघडली आणि निमूटपणे डोळा मोठा केला. तेव्हापासून मावशीनं मान डोलावली की चित्र पास, असा माझा नियम झाला.

मग आलं हे नवं पुस्तक. पुण्यातल्या एका संपादक बाईंची कल्पना: मावळात नसलेल्या प्राण्यांचं फील्ड गाइड. म्हणजे प्राणी सगळे मनातले, पण पुस्तक अगदी खऱ्या फील्ड गाइडसारखं. लांबी, रंग, ठसे, कुठे दिसतो, काय खातो. प्राणी मी भराभर जन्माला घातले. खंडाळ्याच्या बोगद्यात राहणारी आणि गाडीच्या शिट्टीला उत्तर देणारी बोगदेघूस. कारवीच्या पानांवरचं धुकं चाटणारा धुकचाट्या. भुशीच्या पायऱ्यांवर माणसांच्या पायांखालून शिताफीनं निसटणारा पायरीबेडूक. आणि माझा सगळ्यात लाडका, कणगीराख्या. धान्याच्या कणगीच्या बुडाशी राहणारा, घराच्या भाताची राखण करणारा साप.

प्राणी सुचले, पण रूप सापडेना. पहिला संच मी नटवून काढला, नक्षी, सोनेरी कडा. बाईंचा फोन आला, "सुंदर आहे हो, पण खोटं वाटतंय." दुसरा संच हलकाफुलका काढला. "हे शाळेच्या डब्यावरचं चित्र झालं." तिसऱ्या खेपेला कोळशानं धुकं धुकं करून टाकलं, तर म्हणाल्या, "यात प्राणी कुठे आहे?" पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं मी फोन ठेवल्यावर भिंतीला ऐकवलं. पण बाईंनी शेवटी शांतपणे सांगितलं की श्रावण संपेपर्यंत सहा पानं मनासारखी झाली नाहीत तर त्या मुंबईच्या एका मुलाला काम देतील. तो मुलगा कंप्युटरवर काढतो आणि मावळात कधी आलेला नाही. माझा जळफळाट झाला. दोन आठवडे मी घरात कुणाशी धड बोलले नाही, रंगाचं पाणी बदलायला उठले तरी भांडं आपटायचे.

एके दुपारी टेबल पुसताना काचेखालचा तक्ता दिसला. माझाच, सापांचा. पांढरी पार्श्वभूमी, प्राणी डावीकडे तोंड करून, खाली लांबीची पट्टी, भोवती चौकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. ज्या हातानं खरं काढते त्याच हातानं, त्याच रीतीनं खोटं काढायचं. कसलीही गंमत चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही. धोक्याच्या प्राण्यांना लाल चौकट, निरुपद्रवींना हिरवी.

कणगीराख्यासाठी मी मण्यारीचं अंग घेतलं. मण्यार हा माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत देखणा साप. काळंनिळं चकचकीत अंग आणि त्यावर दोन-दोनच्या जोडीनं पांढऱ्या बारीक रेघा. डोकं जरा रुंद केलं, शेपटीला एक पिवळा ठिपका दिला आणि भोवती हिरवी चौकट ओढली. चित्र पुरं झालं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला, इतकं ते खरं झालं होतं. त्या आनंदाची आज लाज वाटते.

बाईंना पाठवण्याआधी परीक्षा घ्यायची होती. मावशीला हा साप खरा वाटला, तर जगाला वाटेल. मी छापील प्रत पिशवीत घातली आणि वाडीवर गेले.

वाडीच्या वाटेवर उंबराखाली वाघोबाचा दगड आहे, शेंदूर लावलेला. मावशी सरपण घेऊन तिथेच भेटली. त्या दगडावरच्या वाघाला माणसासारख्या भुवया आहेत, दोन्ही डोळे समोर, आणि शेपटी पाठीवरून डोक्यापर्यंत आलेली. माझ्या डोक्यात त्या दिवशी खरेपणाचं वारं शिरलेलं. मी म्हटलं, "मावशी, हा कसला वाघ? हे तर मांजर आहे."

"मुद्दाम काडलाय तसा," ती मोळी सावरत म्हणाली. "देव हाय त्यो. वाघावानी काडला आस्ता तर वाघच झाला आस्ता. आमच्या म्हाताऱ्यांनी काय वाघ बगितला नव्हता व्हय?"

मी हसून सोडून दिलं. ऐकायची माझी तयारी नव्हती, मला माझं चित्र दाखवायची घाई होती.

घरी जाऊन तिनं चित्र दारातल्या उजेडात धरलं. सून चुलीपाशी भाकरी थापत होती, तीही हात पुसून बघायला आली. मावशी बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो न्हाई बगितला म्या कवा," ती म्हणाली. मग पुन्हा वाकून पाहिलं. "पन आसंल. समदंच कुटं बगितलंय आपन."

मी पास झाले होते. इथे थांबून खरं सांगायला हवं होतं. तेवढं एक वाक्य बोलायला काय लागलं असतं? पण मला आणखी चव घ्यायची होती. मी कणगीराख्याची माहिती मोठ्यानं वाचून दाखवली, शाळेतल्या बाईंसारख्या गंभीर आवाजात. हा घराच्या आसपास राहतो. सरपणात, कणगीखाली सापडतो. चावला तरी मुंगी चावल्यासारखं वाटतं. ज्या घरात चावतो त्या घराची कणगी त्या वर्षी रिकामी होत नाही.

"आगं बाई!" सून म्हणाली. "मंग चावाया पायजे की आमाला!"

"इखारी न्हाई ना?" मावशीनं विचारलं.

"हिरवी चौकट आहे ना," मी म्हटलं.

तोंडानं मी खोटं बोललेसुद्धा नाही, चौकटीकडून बोलवून घेतलं. निघताना मावशीनं तो कागद मागितला. माझी चित्रं तिला आवडतात म्हणून मागतेय, असं समजून मी खूष होऊन दिला. तिनं खळ लावून तो तक्त्याच्या शेजारी भिंतीवर चिकटवला. खाली उतरताना मी चक्क गुणगुणत होते.

बाईंनी सहाही पानं एका बैठकीत पसंत केली. "आता कुणाला खोटं वाटणार नाही," त्या म्हणाल्या. काम माझं झालं.

गणपती विसर्जन होऊन गेल्यावरचा रविवार होता. पायरीबेडकाचे ठसे काढायला मला शेवाळलेले दगड हवे होते, म्हणून सकाळीच स्कूटर काढली, भुशीच्या पुढे वाटेच्या तोंडाशी लावली आणि आधी मावशीकडे चहा घेऊ म्हणून वर चढले. साडेनऊ झाले असतील. मावशी अंगणातच होती. मला बघून तिचं तोंड फुललं.

"आलीस? बरं झालं! ताई, तुजा त्यो कनगीराख्या गावला बग. सुनंला चावला सकाळी, सरपान वडताना."

खरं सांगते, पहिल्या क्षणाला मला हसू आलं. मावशी थट्टा करतेय असं वाटलं. मग मी पडवीकडे बघितलं. सून खांबाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघायला मान वर केली आणि तिच्या पापण्या वर आल्या नाहीत. अर्ध्यावरच राहिल्या. तो चेहरा मला पाठ होता, तक्त्याच्या कोपऱ्यात मीच काढला होता.

"किती वाजता?" मी ओरडले. "मावशी, किती वाजता चावला?"

"तांबडं फुटाया. का गं? हिरव्या चौकटीतला हाय त्यो. काळा, पांडऱ्या रेघा. तूच न्हाई का वाचून दावलंस?"

"ताई," सून म्हणाली. जीभ जड झाली होती तिची. "कायबी दुकत न्हाई. मुंगी चावल्यागत झालं. निसती झोप आलीया."

मण्यार चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, म्हणूनच माणसं घरी बसतात आणि जिवानिशी जातात. हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं. मुंगी चावल्यासारखं, हे शब्दही मी त्यांच्याकडूनच उचलले होते.

समजावत बसायला वेळ नव्हता. शेजारच्या दोघांनी घोंगडीची झोळी करून सुनेला वाटेनं खाली आणलं. वीस मिनिटांची ती उतरण, शेवाळानं बुळबुळीत. मी पुढे, मावशी मागे, आणि ती सारखी विचारतेय, "पन झालंय काय? आगं, सांग की!" मी मान वळवली नाही. वाघोबाच्या दगडाशी मावशीनं चालता चालताच हात जोडले.

खाली रस्त्यावर आलो तर गाड्या खिळलेल्या. रविवार, भुशी, आणि ऊन पडलेलं. दोन्ही बाजूंनी मोटारी, मधूनच पुण्यामुंबईच्या बसगाड्या, गाण्यांचे कर्णे, कणसांच्या शेगड्या. गाडी बोलावली असती तरी ती याच गर्दीत अडकली असती. स्कूटरशिवाय दुसरं काही जाणार नव्हतं. सुनेला माझ्या मागे बसवलं, माझ्या ओढणीनं तिला माझ्या कमरेशी घट्ट बांधलं, आणि तिच्या मागे मावशी. तिची मान माझ्या खांद्यावर पडली. लाळ गळत होती, तिला गिळता येत नव्हतं.

"मावशी, तिच्या छातीवर हात ठेवा," मी म्हटलं. "प्रत्येक श्वासाला माझ्या खांद्यावर थाप मारा. श्वास हाताला लागला की थाप. कळलं?"

मावशी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसली होती. तिनं एका हातानं सुनेला कवटाळलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या खांद्यावर थाप मारली.

गाड्यांच्या कडेनं, गटाराच्या काठानं, कुठे चक्क माणसांतून मी स्कूटर घातली. थाप. लोक शिव्या घालत होते. एका पोरानं आम्हा तिघींचा फोटो काढला. थाप. मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते, साप चावलाय, बाजूला व्हा, आणि ज्यांना ऐकू गेलं ते बाजूला झालेही, कणसवाल्या बाईनं आपली शेगडी भराभर मागे ओढली. थाप. भुशी धरणाच्या फाट्याशी एक मोटार आडवी वळत होती, ना पुढे ना मागे. मी ब्रेक दाबून उभी राहिले. खांद्यावर काही पडेना.

"मावशी!"

मी मान वळवली.

"मावशी, थाप!"

"थांब," ती म्हणाली. तिचा आवाज पार बदलला होता. "थांब, थांब... आला. हाय." आणि थाप पडली, अगदी हलकी.

ती मोटार सरकेपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पुढच्या रस्त्यातलं मला फक्त खांद्यावरचं आठवतं. दोन थापांमध्ये वेळ वाढत चालला होता आणि मी मनातल्या मनात कबूल करत होते की हिला मी मारलंय, माझ्या या दोन हातांनी.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर स्वतः बाहेर आले, तेच, तक्तावाले. सुनेला आत नेता नेता त्यांनी सवयीनं मावशीला विचारलं, "कुठल्या चौकटीतला?"

"हिरव्या," मावशी ठामपणे म्हणाली. "हिरव्याच. म्या पारखून बगितला."

डॉक्टर क्षणभर थबकले. त्यांचा त्या तक्त्यावर विश्वास होता, इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्यांनी सुनेच्या पापण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मण्यार," मी म्हटलं. "डॉक्टर, मण्यार आहे. तांबडं फुटताना चावली."

"आगं, मन्यार लाल चौकटीत हाय!" मावशी माझ्यावर ओरडली. "ह्यो हिरव्यातला! तुज्या कागदावरला!"

"मावशी, तो साप नाहीच," मी म्हटलं. "असा साप कुठेच नाही. मी मनानं काढला. मण्यारीवरून काढला आणि भोवती हिरवी चौकट केली."

डॉक्टर आत धावले. मावशी माझ्याकडे बघत उभी राहिली. रागावली असती, कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मनानं?" आणि भिंतीला धरून खाली बसली.

सुनेच्या घशात नळी घातली. चार दिवस यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. मुलगा आंबीहून कारखान्याच्याच कपड्यांत आला, त्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आधी ती उटू द्या, ताई." मावशी चारही दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी डबा आणायचे, ती खायची, डबा धुऊन परत द्यायची. पाचव्या दिवशी सुनेनं डोळे पूर्ण उघडले. मी दवाखान्याच्या मागे जाऊन रडले.

त्याच आठवड्यात बाईंना फोन केला आणि सांगितलं की ती पानं छापायची नाहीत. झालं ते सगळं सांगितलं. त्या हादरल्या, पण म्हणाल्या, "पुस्तकावर लिहू ना, सगळे प्राणी काल्पनिक आहेत म्हणून." मी म्हटलं, "बाई, जी वाचत नाही तिनं कुठे वाचायचं?" त्यावर त्यांनी नवी पानं मागितली.

नवं रूप शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. वाघोबाचा दगड डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ज्यानं तो घडवला त्याला वाघ माहीत होता, माझ्यापेक्षा कितीतरी जवळून. वाघ काढता येत नव्हता म्हणून त्यानं मांजर काढलं, असं नव्हतं. देवाला वाघ समजून कुणी पळू नये आणि वाघाला देव समजून कुणी हात जोडून उभं राहू नये, एवढी काळजी त्यानं घेतली होती. मी सगळे प्राणी नव्यानं काढले. समोरून बघणारे, दोन्ही डोळे दिसणारे, भुवया असलेले. शेंदरी, निळे, सपाट रंग. लांबीची पट्टी काढून टाकली, चौकटी काढून टाकल्या. कणगीराख्या तर पुस्तकातूनच काढून टाकला.

बाई म्हणाल्या, "हे कुणालाच खरं वाटणार नाही."

"तेच हवंय," मी म्हटलं.

"पण नजर हटत नाही यांच्यावरून," त्या म्हणाल्या.

झालं! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. नवरात्र उजाडता मी ती नवी पानं पिशवीत घालून पुन्हा वाडीवर निघाले. सून घरी आली होती, तिला भेटायचं होतं, हे खरं. पण मावशीनं पानं बघून म्हणावं, हां, आता ठीक काढलंस, हेही मनात होतंच.

घरात शिरले आणि भिंतीकडे बघतच राहिले. तक्ता नव्हता, माझा कागदही नव्हता. वरपासून खालपर्यंत भिंत ताज्या शेणामातीनं सारवलेली. सारवणाखाली दोन्हींच्या कडांचे उंचवटे दिसत होते.

"मावशी, तक्ता?"

"हाय की. सारवनाच्या खाली." ती तांदूळ पाखडत होती, सूप थांबलं नाही. "दोनी तुज्याच हातचं. दोनीकडं साप, दोनीकडं चौकटी. कंचा खरा, कंचा खोटा, मला काय ठावं? म्हून दोनी झाकलं."

मी पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी आणि फडकं मागून घेतलं आणि भिंत पुसायला लागले. माझा कागद लगद्यासारखा होऊन हातात आला, तो मी चुलीत टाकला. तक्ता प्लॅस्टिकचा, त्याच्यावरचं सारवण हळूहळू निघालं. नाग दिसला. मग मण्यार, मग बाकीचे सगळे. सून उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. नळीमुळे तिचा आवाज अजून घोगरा होता.

"ताई, खोटा त्यो एकच ना?" तिनं विचारलं.

"एकच," मी म्हटलं. "तक्त्यावरचे सगळे खरे. चौकटीही खऱ्या."

"त्या दिशीबी तू आशीच म्हनलीवतीस," मावशी मागून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकाकडे जसं बघतं तशी ती त्या तक्त्याकडे बघत होती.

सून वाकली. जिथे दात लागले होते ते बोट तिनं मण्यारीच्या चित्रावर टेकवलं आणि रेघांवरून हळू फिरवलं.

"आत्या, ह्यो खरा हाय," ती सासूला म्हणाली. "ह्योच मला चावला. लाल चौकटीतला." मग हात मागे घेतला. "बाकीच्यांचं म्या न्हाई सांगनार."

मावशीनं सूप बाजूला ठेवलं. कोपऱ्यातल्या घमेल्यातलं ओलं शेण तिनं ओंजळीत घेतलं, मला हातानं जरा सरकवलं आणि तक्ता पुन्हा सारवायला घेतला. आधी नाग गेला, मग घोणस, फुरसं, मग एकेक करून हिरव्या चौकटी. मोठ्या डोळ्यांची धामणही गेली, जिचा डोळा तिनंच मला शिकवला होता. मण्यारीची तेवढी चौकट तिनं कडेकडेनं बोट फिरवून उघडी ठेवली. मी ओलं फडकं हातात धरून बघत होते, आणि माझी नवी पानं पिशवीतच राहिली.